भूगर्भाचे विद्यार्थी आणि अल्प साहाय्य

(संघाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी केलेले भाषण)



आयुष्याची बरीच वर्षे मी भूगर्भशास्त्र शिकविण्यात घालविली. आजचा माझा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला क्षेत्राभ्यासासाठी किंवा एखाद्या परिषदेत निबंध वाचण्यासाठी जे थोडे पैसे लागतात, ते मिळविण्याकरिता अर्ज कसा करावा, एवढाच तो विषय आहे. परंतु या थोड्या पैशांवाचून किती अभ्यास अर्धवट राहिले हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून तो आपणांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम आपल्या भूमीकडे पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. लातूर जिल्हा बहुतांशी त्यावरच वसला आहे. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे गेले की हा काळा पाषाण संपतो आणि त्याखालचा कितीतरी प्राचीन ग्रॅनाइट उघडा पडतो. दोन युगांची ही सीमा आपल्या उंबरठ्याशी आहे. दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीच्या परिसरात जे घडले त्याचे स्मरण या सभागृहातील वडीलधाऱ्यांना करून देण्याची आवश्यकता नाही. हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित मानला जात होता. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे यांखाली हजारो माणसे निजल्या जागी गेली. त्यानंतर किल्लारीस ६१७ मीटर खोल विंधण घेण्यात आले, तेव्हा काळ्या पाषाणाची जाडी तेथे ३३८ मीटर भरली आणि त्याखाली पुरातन खडक लागला. पुढे २००६-०७ पासून नांदेड शहरालाही लहान धक्क्यांचा अनुभव आला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हेही आपण विसरलेलो नाही. काळ्या पाषाणात पाणी राहते ते त्याच्या झिजलेल्या व भेगाळलेल्या भागात. ते कोठे आणि किती, हे गावोगाव विहिरी मोजल्याशिवाय कळत नाही.

हे मोजण्याचे काम कोणी करावयाचे? नांदेड येथे १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि आपल्या मुलांना भूशास्त्राचे उच्च शिक्षण घराजवळ उपलब्ध झाले. शिक्षण जवळ आले, परंतु खडक वर्गात येत नाही. विद्यार्थ्याला एसटीने आडगावी जावे लागते, आठ-दहा दिवस मुक्काम करावा लागतो, नकाशे घ्यावे लागतात, खडकांचे पातळ काप करवून घ्यावे लागतात, रासायनिक पृथक्करणाचे शुल्क भरावे लागते. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांनी पीएच.डी. करणाऱ्या अनेकांना मोठा आधार दिला आहे. परंतु एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याचा दहा दिवसांचा खर्च पुष्कळदा कोणत्याच योजनेत बसत नाही. मग मुलगा म्हणतो, ‘सर, पुस्तकावरूनच प्रबंध लिहितो.’ मुलीच्या बाबतीत तर घरची मंडळी पैशांचे कारण पुढे करतात आणि मनातील दुसरेच कारण झाकले जाते.

आपल्या घरांत ‘मागणे’ हा शब्दच लाजिरवाणा मानला जातो. स्वाभिमान हा गुणच आहे. परंतु अर्ज म्हणजे याचना नव्हे. मी स्वतः विद्यार्थिदशेत पहिला अर्ज केला तेव्हा दोन पाने भरून घरची गरिबी लिहिली आणि कोणता खडक, कोठे व कशासाठी पाहणार हे एका ओळीत उरकले. अर्ज नामंजूर झाला. तेव्हा मला राग आला. आज तो अर्ज माझ्यापुढे आला तर मीही नामंजूरच करीन. कारण पैसे देणाऱ्याला माझे दुःख कळले होते, माझे काम कळले नव्हते.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, अर्जात प्रथम आपला प्रश्न लिहा, आणि तो शेतकऱ्यालाही समजेल असा लिहा. ‘मांजरा खोऱ्यातील भूजलाचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे, ते शीर्षक झाले. ‘एकाच शिवारातील दोन विहिरींपैकी एक मार्चमध्ये आटते व दुसरी मेपर्यंत टिकते, याचे कारण लाव्ह्याच्या दोन थरांमधील तांबड्या मातीच्या पट्ट्यात आहे काय?’ हा प्रश्न झाला. त्यानंतर गावे, दिवस आणि पद्धत सांगा. किती विहिरी मोजणार, पावसाळ्यापूर्वी व नंतर कितीदा जाणार, हे आकड्यांत लिहा. खर्चाचा तक्ता प्रामाणिक असावा. एसटीचे भाडे आहे तेवढेच लिहा, उगाच गोल आकडा टाकू नका. विद्यापीठाकडून काय मिळणार आणि आपण काय घालणार, तेही दाखवा. मागितलेल्यापैकी अर्धीच रक्कम मिळाली तर कोणता भाग पुरा कराल हे लिहिणाऱ्याचा अर्ज परीक्षकाच्या लक्षात राहतो. शिफारसपत्रासाठी गुरुजनांकडे शेवटच्या दिवशी धावू नका. त्यांना तीन आठवडे आधी अर्जाचा मसुदा द्या.

परिषदेचे तंत्र निराळे आहे. तेथे आधी निबंधाचा सारांश पाठवावा लागतो. तो स्वीकारल्याचे पत्र हाती आल्यावरच प्रवासखर्चाचा अर्ज बहुधा विचारात घेतला जातो. म्हणून परिषदेची तारीख कळताच उलट दिशेने दिवस मोजावेत. विद्यापीठांमधील ‘आविष्कार’ ही संशोधनस्पर्धा अशा निबंधवाचनाची पहिली पायरी म्हणून उत्तम आहे. परदेशी परिषदांसाठी तरुण वैज्ञानिकांना प्रवासखर्च देण्याची योजना केंद्राच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने चालविली होती. २०२३ च्या कायद्यान्वये त्या मंडळाची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली. अशा योजनांचे नियम पालटत असतात. म्हणून ऐकीव माहितीवर न विसंबता चालू सूचना स्वतः वाचावी. आणि पैसे मिळाल्यानंतर प्रत्येक पावती जपून वेळेवर हिशेब द्यावा. हिशेब न देणारा विद्यार्थी आपल्या मागून येणाऱ्याची वाट बंद करतो.

आता वडीलधाऱ्यांकडे वळतो. लहान रकमेने काय होणार, असे कोणी विचारील. लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेला वुलस्टन या शास्त्रज्ञाने १८२८ साली, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, एक हजार पौंड दिले. त्याच्या व्याजातून १८३४ साली लुई आगासीझ या तरुण संशोधकाला माशांच्या जीवाश्मांच्या अभ्यासासाठी मदत मिळाली. रक्कम मोठी नव्हती, पण आपल्या कामाकडे कोणाचे तरी लक्ष आहे, हा धीर तिच्याबरोबर गेला. आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला.

माझी संघाला नम्र सूचना अशी आहे. आपण सत्कारावर जो खर्च करतो त्यातील शाली-श्रीफळांचा भाग कमी करून एक लहान अभ्याससाहाय्य निधी काढावा. तिघांच्या समितीने वर्षातून दोनदा अर्ज वाचावेत. नामंजूर अर्जावर काय उणे होते ते लिहून परत पाठवावे. ही सेवा पैशांहूनही मोलाची ठरेल. मुलींच्या क्षेत्राभ्यासात सोबतीचा खर्चही मान्य करावा. साहाय्य घेणाऱ्याने पुढील संमेलनात, मराठीत, आपण काय पाहिले ते आपल्याला सांगावे.

एक गोष्ट बोलू की नको असे मनात होते, ती बोलतो. हा निधी केवळ आपल्या ज्ञातीपुरता ठेवू नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी करण्यास चालना दिली, ती प्रत्येक समाजाने आपापले दार लावून बसावे म्हणून नव्हे. किल्लारीच्या त्या पहाटे सर्व आळ्या एकदमच कोसळल्या. गावची विहीर कोणाच्याही मुलाने वा मुलीने मोजली तरी तिचे पाणी सर्वांनाच कळणार आहे. काही बंधूंना ही सूचना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. त्यांनी निदान निम्मी रक्कम तरी सर्वांसाठी खुली ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

वर्गणीच्या वहीत पहिले नाव माझे लिहावे. माझ्या निवृत्तिवेतनातून ते मी दरवर्षी पाळीन.