ताई, थोडक्यात

सहकारी आणि संशोधक मित्रहो, आणि मागच्या रांगांत मुलांच्या व्हीलचेअर सांभाळत बसलेल्या आईवडिलांनो,

 

अधिवेशनाच्या अध्यक्षाने संशोधनाचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. ड्युशेन स्नायुक्षयापुरतं सांगतो. या आजारामागचं डिस्ट्रोफिनचं जनुक १९८६-८७ मध्ये हाती लागलं. २०१६ मध्ये एक्झॉन वगळणारं पहिलं औषध आणि २०२३ मध्ये जनुकीय उपचार अमेरिकेत मंजूर झाले. आपल्याकडे २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं, पुढे रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंतच्या मदतीची तरतूद झाली. आढावा इथेच थांबवतो. मला कार्यक्रमपत्रिकेतल्या एका ओळीबद्दल बोलायचं आहे.

‘कुटुंबांचे मनोगत : दुसरा दिवस, सायंकाळी ५ ते ५.२०.’ तीस वर्षं ही ओळ पाहतो आहे. शहरं बदलली, वेळ बदलली नाही.

कुटुंबांचं न ऐकल्याने काय हुकतं, ते सांगतो. स्नायूंची झीज रक्तातून दाखवणाऱ्या सीपीके चाचणीवर, ती नवजात बाळांची करावी का यावर, काल वाद झाला. आजार मुळातून बरा करता येत नसेल, तर आईवडिलांना आधीच सांगून काय साधणार, असं काहींनी विचारलं. मला सांगोल्याकडच्या एका ताई आठवल्या. त्यांच्या मोठ्या मुलाचं एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या तपासणीत पाहतात ते विकर, वाढलेलं होतं, म्हणून दोन वर्षं त्याच्या यकृतावर उपचार चालले. एसजीपीटी स्नायूंतूनही रक्तात उतरतं. पण सीपीके कुणी केलंच नाही. माझ्याकडे आला तेव्हा तो साडेसहा वर्षांचा होता आणि मांड्यांवर हात टेकत जमिनीवरून उठत होता. ताईंच्या कडेवर दीड वर्षाचा धाकटा होता. मोठ्याला ड्युशेन निघालं आणि त्यालाही तेच. ताईंनी एवढंच विचारलं, “मोठ्याचं वेळेत कळलं असतं, तर ह्याच्या वेळी पोटात असतानाच तपासता आलं असतं ना, डॉक्टर?” माझ्यापुरता कालचा वाद त्या दिवशीच मिटला होता.

याच ताईंना एका परिषदेत आम्ही बोलायला बोलावलं. वेळ अर्थात पाचची. त्यांची पाळी येईपर्यंत निम्मं सभागृह विमानतळाच्या वाटेला लागलं होतं. त्या दोन पानं लिहून घेऊन आल्या होत्या. अध्यक्षस्थानी मी होतो. मी म्हणालो, “ताई, थोडक्यात.”

त्यांनी पानं मिटली आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, “मूल सहा मिनिटांत किती चालतं ते तुम्ही मोजता. माझ्या मोठ्याचं चालणं थांबलंय. रात्री त्याची कूस बदलायला मी पाच वेळा उठते. ते कुणी मोजत नाही.” त्या दिवसभरातल्या एकाही स्लाइडवर हे नव्हतं. चालणं थांबलेली मुलं अनेक औषधचाचण्यांतून वगळली जात, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा अर्थ त्या घरात काय होतो, हे ताईंनी सांगितलं. हातांची ताकद, घास तोंडापर्यंत नेणं, हे आज मोजलं जातं. ते आधीच सुचायला आपल्याला कुणाची आडकाठी होती?

कुटुंबांचं ऐकून संशोधन करणं जमत नाही, हे मला सांगू नका. पत्नीला १९६८ मध्ये हंटिंग्टनचा आजार, हा आनुवंशिक मेंदूविकार, निघाल्यावर मिल्टन वेक्सलर यांनी अमेरिकेत तरुण संशोधकांच्या बैठका सुरू केल्या. त्या बैठकांत रुग्ण आणि त्यांच्या घरचे शास्त्रज्ञांसमोर बसून बोलत. त्यांची मुलगी नॅन्सी व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठच्या, हाच आजार असलेल्या कुटुंबांत वर्षानुवर्षं जात राहिली. १९८३ मध्ये त्या आजाराच्या जनुकाची खूण सापडली, १९९३ मध्ये जनुक.

माझी मागणी एकच आहे. पुढच्या अधिवेशनात सकाळचं पहिलं सत्र कुटुंबांचं असावं आणि त्यानंतरच्या शोधनिबंधांनी त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत. प्रवासखर्च, दुभाषे, मुलांसाठी सोय, यांचा विचार एका छोट्या समितीने करावा. तपशील कार्यकारिणीत ठरवू.

ताईंचा मोठा मुलगा आता नाही. त्या संध्याकाळी चार घड्या घालून त्यांनी पिशवीत ठेवलेली ती दोन पानं मी नंतर कधी मागितली नाहीत. मागायला हवी होती.