समोरचा दात आणि त्यातलं जुनं सिमेंट



गटाच्या बैठकीत काही जणी बोलताना पदर तोंडाशी धरतात. कारण असतं समोरच्या एखाद्या दाताचं. कधीकाळी भरलेला, आता कडेनं तपकिरी पडलेला. त्यासाठी गटाकडे अंतर्गत कर्ज मागितलं, की कुणीतरी म्हणतंच, "दिसण्यासाठी कशाला कर्ज?" म्हणून आज या दाताविषयी बोलूया.

समोरच्या दातात दाताच्याच रंगाचा मसाला भरतात. आपण त्याला सिमेंट म्हणतो, डॉक्टर कंपोझिट म्हणतात. राळेसारखा चिकट पदार्थ आणि काचेची अगदी बारीक पूड यांचा तो बनतो. वर्षं गेली की चहाचे, मिश्रीचे डाग त्यावर बसतात. नुसता वरचा डाग असेल, तर पॉलिश करून भागतं. पण कडेला फट पडली असेल, तर जंतू आत शिरतात आणि सिमेंटखाली दात किडत राहतो. दुखायला लागेपर्यंत कीड नसेपर्यंत पोचलेली असते. मग रूट कॅनाल करावं लागतं, खर्च कितीतरी वाढतो. म्हणजे हा प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. फट आहे की डाग, हे डॉक्टर तपासून, लागला तर एक्स-रे काढून सांगतात.

नवीन भरायचं ठरलं, तर रंग सुरुवातीलाच ठरवून घ्या. दात सुकला की पांढरट दिसतो आणि अंदाज चुकतो. आरसा मागा, खिडकीच्या उजेडात स्वतः बघा. दात साफ करून घ्यायचे असतील, तर तेही आधीच. नाहीतर रंग डागांशी जुळवला जाईल.

आपला दात हिरडीजवळ पिवळसर आणि टोकाला काचेसारखा असतो. म्हणून गरजेप्रमाणे दोन-तीन छटांचे पातळ थर देतात. आधी जुनं सिमेंट आणि कीड काढतात. मग दातावर आम्लाचं जेल लावून धुतात, चिकटवणारं औषध लावतात आणि एकेक थर निळ्या उजेडानं कडक करतात. शेवटी घासून चकाकी आणतात. बहुतेक वेळा एकाच खेपेत काम होतं.

खर्च आधीच विचारा. उपजिल्हा रुग्णालयात दाताचे डॉक्टर आहेत का, याची चौकशी करा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. बाजारात रस्त्यावर बसून दात भरणाऱ्याकडे मात्र जाऊ नका.

नंतर त्या दातानं ऊस सोलू नका, दोरा तोडू नका, सुपारी फोडू नका. आणि मिश्री सोडा. ती तंबाखूच आहे. डाग तर पडतातच, शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो.

दात हा शरीराचाच भाग आहे. डोळ्याच्या ऑपरेशनला कर्ज देताना आपण "दिसण्यासाठी" म्हणत नाही. दाताच्या अर्जालाही तोच न्याय लावा.