दाखला कुत्र्याचा की माणसाचा?



गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातले एक शेतकरी माझ्याकडे आले. गावात त्यांना सगळे आबा म्हणतात. मीही आबाच म्हणतो. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. पुढच्या शिक्षणासाठी तो अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात गेला. आबांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "सर, पोराचा निरोप आलाय. घरमालक कुत्र्याचा कागद मागतोय म्हणतो. बैल विकला की बाजाराची पावती मिळते, ती मला ठाऊक आहे. जमिनीचा उतारा ठाऊक आहे. पण कुत्र्याला दाखला तो कसला, आणि देतो कोण? तलाठी, का डॉक्टर?"

खरे सांगायचे तर मलाही ते ठाऊक नव्हते. मी मुलाशी बोललो, तिथले कायदे वाचले, आणि मला जे उमगले ते आज आपल्याला सांगणार आहे. आपल्या खेड्यापाड्यांतली मुले आता परदेशी जातात, म्हणून हे कळलेले बरे. शिवाय जे जे कोणी दाखल्यावर सही करतात, त्या सर्वांचा, विशेषतः आपणा शिक्षकांचा, या गोष्टीशी संबंध आहे.

अमेरिकेत भाड्याच्या घराच्या करारात 'पाळीव प्राणी ठेवता येणार नाही' असे कलम पुष्कळदा असते. आता एखाद्या माणसाचे मन आजारी आहे. रात्र रात्र झोप नाही, जीव घाबरा होतो, अन्नावर वासना नाही. कुत्रा किंवा मांजर जवळ असले की त्याला उभारी येते, सकाळी अंथरुणातून उठायला निमित्त मिळते. अशा प्राण्याला तिकडे 'इमोशनल सपोर्ट ॲनिमल' म्हणतात. आपण त्याला मनाच्या आधाराचा प्राणी म्हणू. घरांच्या बाबतीत भेदभाव करू नये असा कायदा तिथे १९६८ साली झाला आणि १९८८ साली त्यात अपंग व्यक्तींचा समावेश झाला. मनाचा आजार माणसाच्या रोजच्या जगण्याच्या आड येत असेल, तर तोही त्यात मोडतो. अशा माणसासाठी घरमालकाने आपल्या नियमाला रास्त मुरड घातली पाहिजे, असे हा कायदा सांगतो. ही मुरड मागण्यासाठीच तो कागद लागतो.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. आंधळ्या माणसाला रस्ता दाखवणारा कुत्रा आपण चित्रात पाहिला असेल. असे कुत्रे तयार करणारी अमेरिकेतली पहिली शाळा १९२९ साली निघाली. तो शिकवलेला कुत्रा. रस्ता दाखवणे, मालकाला फेफरे येणार असल्यास सावध करणे, पडलेली वस्तू उचलून देणे, असे नेमके काम त्याला शिकवलेले असते. १९९० च्या अपंगविषयक कायद्यामुळे तो दुकानात, खाणावळीत, कचेरीत मालकाबरोबर जाऊ शकतो. दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो : अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? कागद मागता येत नाही. मनाच्या आधाराचा प्राणी मात्र काही शिकलेला नसतो. त्याचे जवळ असणे हेच त्याचे काम. म्हणून त्याला दुकानात किंवा खाणावळीत हक्काने नेता येत नाही, आणि घरासाठी कागद दाखवावा लागतो. म्हणजे गंमत पाहा, जो शिकला त्याला दाखला नको, आणि जो शिकला नाही त्याला हवा! आपल्याकडे नेमके उलटे.

पूर्वी विमानातही असे प्राणी कागद दाखवून नेता येत. लोकांनी त्याचा इतका सुकाळ केला की २०१८ साली नेवार्कच्या विमानतळावर एक बाई चक्क मोर घेऊन आल्या. त्यांना तो विमानात नेऊ दिला नाही. पुढे नियम बदलला, आणि जानेवारी २०२१ पासून असे प्राणी घेण्याचे बंधन विमान कंपन्यांवर उरले नाही. तेव्हा 'कागद आहे, कुठेही चालेल' या भ्रमात कोणी राहू नये.

आता कागद मिळवायचा कसा? आबांच्या मुलाने प्रथम जे केले ते आपल्यापैकी कोणीही केले असते. त्याने इंटरनेटवर शोधले. तिथे जाहिरातींचा बाजारच भरलेला. दहाबारा प्रश्नांची उत्तरे द्या, पैसे भरा, घरबसल्या प्रमाणपत्र घ्या. त्याने शंभरावर डॉलर भरले. सोनेरी शिक्का मारलेले प्रमाणपत्र आले, कुत्र्याचा फोटो असलेले ओळखपत्र आले, गळ्यात घालायचा पट्टाही आला. घरमालकाने ते उलटून पालटून पाहिले आणि परत केले. "हे लिहिणारा तुला ओळखतो का?" एवढेच त्याने विचारले.

त्या घरमालकाचे काही चुकले नाही. अमेरिकेत अशा प्राण्यांची सरकारी नोंदवहीच नाही. त्यामुळे 'नोंदणी करून देतो' म्हणणारा जो क्रमांक देतो, तो त्याच्या स्वतःच्या वहीतला. तिथल्या गृहनिर्माण खात्याने २०२० च्या पत्रकातही म्हटले होते की, पैसे भरेल त्याला मिळणारे असले प्रमाणपत्र एवढ्याने पुरावा ठरत नाही. कॅलिफोर्नियाने तर १ जानेवारी २०२२ पासून वेगळा कायदाच लागू केला. आधाराचा कुत्रा ठेवण्यासाठी पत्र द्यायचे, तर देणाऱ्याकडे त्या राज्याचा चालू परवाना हवा. त्याने माणसाची रीतसर तपासणी केलेली हवी. आणि पत्र देण्यापूर्वी निदान ३० दिवस तो माणूस त्याच्याकडे उपचारासाठी येत असला पाहिजे. पत्रावर परवान्याचा क्रमांक, प्रकार आणि तारीखही लिहावी लागते.

पत्रात काय असते? फार काही नाही. या व्यक्तीला अमुक कामांत अडथळा आणणारी व्याधी आहे, आणि त्या व्याधीमुळे तिला हा प्राणी जवळ असण्याची गरज आहे, या दोन गोष्टींचा मेळ. आजाराचा सगळा इतिहास घरमालकापुढे मांडायचे कारण नाही. पत्र दिले म्हणजे सगळे माफ, असेही नाही. कुत्रा चावरा निघाला तर घरमालक नकार देऊ शकतो, आणि त्याने घराची नासधूस केली तर भरपाई भाडेकरूनेच करायची.

आता मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो. त्याला उपचार करणाऱ्या परवानाधारक बाईंकडे जावे लागले. तो मला म्हणाला, "सर, मी फक्त कागदासाठी गेलो होतो. त्यांनी विचारलं, झोप कधीपासून लागत नाही? आणि मला रडूच फुटलं." त्याची आई गेली तेव्हा तो तिथे होता. तिकीट मिळून इकडे पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. हे त्याने कोणाजवळ काढले नव्हते. पाच आठवडे तो त्या बाईंकडे जात राहिला. मग त्यांनी सातआठ ओळींचे साधे पत्र दिले. सोनेरी शिक्का नाही, काही नाही. घरमालकाने ते ठेवून घेतले.

हे मला आबांना सांगायचे होते, आणि ते सांगणे अवघड होते. मी म्हटले, "आबा, तो दाखला कुत्र्याचा नाही, तुमच्या मुलाचा आहे." त्यांना उमगायला वेळ लागला नाही. बराच वेळ ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "ती गेली तेव्हा महिनाभर मी गोठ्यातच निजत होतो, सर. म्हाताऱ्या बैलाजवळ. मला कुणी कागद मागितला नाही." आणि थोड्या वेळाने, "त्याला म्हणावं, कुत्रं सांभाळ. आणि त्या बाईंकडं जायचं सोडू नको."

श्रोतेहो, आपल्या कायद्यात अशा प्राण्यांचा वेगळा वर्ग नाही. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, परंतु प्राण्यासाठी पत्र अशी सोय त्यात नाही. तिची तशी निकडही पडत नाही. सोसायटीने पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू नये, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. शहरात कुत्रा पाळायचा तर रेबीजची लस टोचल्याची नोंद आणि महापालिकेचा परवाना, हे कागद जपावेत. उद्या कोणी आपल्याकडेही 'आधाराच्या कुत्र्याचे सरकारी प्रमाणपत्र' विकू लागला, तर पैसे खिशातच ठेवावेत.

शिक्षक बंधुभगिनींना मात्र एक गोष्ट सांगून संपवतो. दरवर्षी जून महिन्यात आपण वर्तणुकीच्या दाखल्यांवर सह्या करतो. एका वर्षी मी पन्नासएक दाखल्यांवर मान वर न करता सह्या केल्या. एक मुलगा दाखला घेऊन दाराशी थांबला आणि म्हणाला, "सर, तुम्ही लिहिलंय की मी याला चांगला ओळखतो. माझं नाव सांगता?" मला सांगता आले नाही. त्या दिवशी माझी सही आणि ते विकतचे सोनेरी प्रमाणपत्र यांत फरक तो काय होता?

कागदाला वजन येते ते लिहिणाऱ्याच्या ओळखीने. ती ओळख व्हायला कॅलिफोर्नियाच्या कायद्याने ३० दिवस ठरवले. आपल्या हाती तर मूल वर्षभर असते. वर्गात एखादा मुलगा गप्प झाला असेल, डबा न खाता परत नेत असेल, तर त्याला जवळ बसवून विचारा, 'झोप लागते का रे?' गरज वाटली तर टेलि-मानस ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. तिथे चोवीस तास बोलता येते, मराठीतही बोलता येते. आणि तो मुलगा म्हणाला, की शाळेतून घरी गेल्यावर मी वासराजवळ बसतो, तर त्याला हसू नका. बसू द्या.