फिटचा आजार आणि छातीतले यंत्र

अपस्माराच्या, म्हणजे फिट किंवा आकडी येण्याच्या आजारात दर तिघांपैकी साधारण एकाची फिट औषधांनी पुरती थांबत नाही. मेंदूतली फिटची जागा नेमकी सापडली आणि ती काढणे सुरक्षित असले, तर शस्त्रक्रियेचा विचार आधी होतो. ते जमत नसेल, तर व्हेगस नर्व्ह या मज्जातंतूला विजेचे सौम्य झटके देणारे यंत्र बसवतात.

डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत चपटे यंत्र असते. त्याची तार मानेतल्या डाव्या व्हेगसला गुंडाळतात. उजवीचा हृदयाच्या ठोक्यांशी जास्त संबंध, म्हणून ती टाळतात. नेहमीच्या मांडणीत यंत्र ३० सेकंद चालते, ५ मिनिटे थांबते, रात्रंदिवस. फिटची चाहूल लागताच मनगटावरचे चुंबक छातीवरून फिरवले की एक जादा झटका मिळतो. रुग्णाची शुद्ध हरपली तर घरातले कोणीही ते फिरवू शकते. माणसाला हे यंत्र प्रथम १९८८ साली अमेरिकेत बसवले गेले. १९९७ मध्ये तिथे मान्यता मिळाली. फिट निम्म्यावर आल्या तरी ते मोठेच यश. पूर्ण थांबणे विरळा, आणि गोळ्या चालूच राहतात. यंत्र चालू असताना आवाज घोगरा होतो.

यासाठी परदेश गाठण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शस्त्रक्रिया दीड-दोन तासांची. खरे काम पुढे आहे. विजेची मात्रा हप्त्याहप्त्याने वाढवावी लागते, गुण यायला कित्येक महिने जातात, काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. दर खेपेला विमान कोण पकडणार? हे यंत्र भारतातही बसवतात.

महाड तालुक्यातल्या तळीये गावाहून तर मुंबईही लांबच. २२ जुलै २०२१ रोजी तिथल्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळून ८०हून अधिक माणसे गेली, तेव्हा महाड शहर पुरात होते आणि वाटा बंद होत्या. गोळ्यांत पडलेला एकदोन दिवसांचा खंडही जोराची फिट आणू शकतो. म्हणून अशा गावात पावसाळ्याआधी महिन्याभराच्या गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवाव्यात. फिट आल्यावर कांदा, चप्पल हुंगवू नये. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे. फिट ५ मिनिटांवर गेली तर १०८ला फोन करावा. गाडी घाट चढून येईपर्यंत नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे उपयोगी पडतो. तो कधी आणि किती मारायचा, हे डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्यावे.