पाटीवरचे चाळीस

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

रस्तेबांधणीच्या कामात माझी तीसेक वर्षे गेली. वळणे आखणे हा त्यातला मोठा भाग. त्यामुळे वळणाबद्दल कोणी काही विचारले की मला अजूनही हुरूप येतो. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने विचारले तेव्हा तसेच झाले. त्याने नुकतीच स्पोर्टी म्हणतात तशी गाडी घेतली होती. जमिनीलगत बसलेली, रुंद टायरांची, घट्ट सस्पेन्शनची. म्हणाला, "मामा, एक्सप्रेस वेवरून आपण खाली उतरतो ना, त्या गोल रॅम्पवर ४० ची पाटी आहे. माझ्या गाडीला ४० म्हणजे अपमानच की! खरं किती वेगाने घेता येईल ते वळण?"

मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर गणित मांडले आणि ऐटीत सांगितले, "८०." उत्तर गणिताने बरोबर होते. तरीही ते दिल्याचा मला आज पश्चात्ताप होतो.

आधी गणित सांगतो, अवघड नाही. गाडी वळते तेव्हा तिला आतल्या बाजूला ओढून धरावे लागते. ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे वेग दुप्पट केला की ओढ चौपट लागते. ती दोन ठिकाणांहून मिळते. एक, टायर आणि रस्ता यांच्यातली पकड. दोन, वळणावर रस्त्याचा बाहेरचा काठ थोडा उंच ठेवलेला असतो, त्या कलाची मदत. आमच्या रॅम्पच्या वळणाची त्रिज्या सुमारे ६० मीटर. कोरडा रस्ता, चांगले टायर धरले तर गाडी घसरायला लागायची हद्द ताशी ८० कि.मी.च्या आसपास येते. पाऊस पडून गेलेला असेल तर तीच हद्द ६० वर येते. टायर गुळगुळीत झाले असतील तर आणखी खाली.

मग पाटीवर ४० कुठून आले? इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेतांप्रमाणे आखणी करताना टायरच्या पकडीपैकी अगदी थोडा हिस्सा हिशोबात धरतात, ०.१५ एवढाच. त्यात कलाचे जास्तीत जास्त ७ टक्के मिळवायचे. ६० मीटर त्रिज्येला उत्तर येते ४१. पाटी लागते ४० ची. यात मागे बसलेल्या आजींना सीट धरून बसावे लागू नये हा विचार आहे, ओला रस्ता आहे, झिजलेले टायर आहेत. शिवाय उंच माल भरलेला ट्रक आहे. तो घसरायच्या आधी उलटतो, आणि तुमची गाडी जी ओढ सहज सोसते, तिच्या निम्म्यालाच उलटू शकतो.

"म्हणजे पाटी ट्रकसाठी आणि आजीसाठी. माझ्यासाठी नाही," असे भाचा म्हणाला. मी हसलो. तिथे मी चुकलो.

पुढच्याच रविवारी मी त्याच्या शेजारी बसून निघालो. कोरडी दुपार, रस्ता मोकळा. रॅम्पवर त्याने गाडी ६५ ने घातली. गाडी खरोखर रुळावर चालावी तशी वळत होती. आतल्या अंगाला कठड्यालगत कण्हेर माजली होती. तिच्या आडून एकदम एक टेम्पो दिसला. कडेला, पण निम्मा रस्ता अडवून उभा. चालक मागे उभा राहून ताडपत्रीची दोरी आवळत होता. भाच्याने ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची थरथर झाली, आणि गाडी त्या माणसापासून दोन हातांवर थांबली. तो मनुष्य दोरी हातात धरून आमच्याकडे नुसता बघत राहिला. बोलला काहीच नाही. आम्हीही नाही.

घरी येऊन मी पुन्हा कागद घेतला. टेम्पो दिसला तेव्हा तो सुमारे ४५ मीटरवर असावा. ६५ च्या वेगात, डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी १८ मीटर जाते. उरलेल्या २७ मीटरांत ती थांबली, ती चांगल्या टायरांमुळे आणि कोरड्या रस्त्यामुळे. ४० ने असतो तर साऱ्या मिळून वीसेक मीटरांत थांबलो असतो. आखणीच्या संकेतांत हेही लिहिलेले आहे. ४० च्या वेगाला पुढचा ४५ मीटर रस्ता दिसायला हवा, ६० ला ८० मीटर. हे मला पाठ होते. भाच्याने विचारले तेव्हा मी टायरचे उत्तर दिले, डोळ्यांचे दिले नाही.

मंडळी, मला सांगायचे आहे ते एवढेच. महागडी गाडी वळणाला जास्त घट्ट धरते, पण तिला वळणापलीकडचे दिसत नाही. आणि आपल्याकडे वळणापलीकडे काहीही असू शकते. बंद पडलेला ट्रक, लघवीला थांबलेले कुटुंब, फाटा चुकला म्हणून उलटा मागे येणारा एखादा महाभाग.

त्यातून आता आपले रस्ते फसवे झाले आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. ७०१ कि.मी.चा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरा झाला आणि तिथे मोटारींना सपाटीवर १२० ची मुभा आहे. तासभर तसे चालवल्यावर ७० म्हणजे रांगणे वाटते. म्हणून रॅम्पवर मनावर विश्वास ठेवू नये, वेगाच्या काट्यावर ठेवावा.

वेग उतरवायचा तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. एक्झिटच्या आधी वेगळी मार्गिका असते ती त्यासाठीच. टायरची पकड म्हणजे एकाच पाकिटातले पैसे. वळण्यात खर्च झाले तर ब्रेकला उरत नाहीत. वळणात घाबरून जोरात ब्रेक दाबला किंवा ॲक्सिलरेटर एकदम सोडला की काही गाड्यांचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. काही रॅम्प पुढे जाऊन आणखी आवळतात, सुरुवातीला मात्र तसे दिसत नाही. आणि पहिल्या पावसात रस्त्यावर तेल-धुळीचा राप असतो, तेव्हा पाटीपेक्षाही खाली यावे.

भाच्याची गाडी अजून तीच आहे. परवा त्याच रॅम्पवरून आम्ही उतरलो. मागून एकजण हॉर्न वाजवत होता. भाच्याने काटा ४० वर धरला होता. मला म्हणाला, "मामा, तो टेम्पोवाला आठवतो का रे?"

मी म्हटले, "रोज."