धर्म आणि विहीर

श्रोतेहो, आमच्या कोळगावाहून वसई फार दूर नाही, जिल्हाही एकच. तेथील फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालविले, ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. परंतु मला त्यांचे मोठेपण निराळ्याच ठिकाणी दिसते. वसईच्या वाड्या, झाडे व विहिरी संकटात आल्या, तेव्हा हा धर्मगुरू केवळ प्रार्थना करीत बसला नाही. हरित वसईच्या चळवळीत लोकांबरोबर उभा राहिला.

मी मास्तर. मुलांकडून रोज प्रार्थना म्हणवून घेतली. मात्र शाळेमागील विहिरीत कचरा पडे, तिकडे पाठ फिरविली. ती कोणा एकाची नव्हती, म्हणून माझीही नव्हती! आज ती बुजली आहे. प्रार्थनेचे शब्द मुलांच्या ध्यानी राहिले असतील. पण माझी फिरविलेली पाठही त्यांनी पाहिलीच असेल.

जे सर्वांचे, ते आपले मानून राखावे, हीच श्रद्धेची कसोटी होय. श्रोतेहो, उद्या सकाळी देवाला नमस्कार करून झाला, की आळीतील विहिरीतही एकदा डोकावून पाहा.