बडीशेपेच्या ताटलीत किती ठेवायचे?



मागे आम्ही गटातल्या आठ जणी ठाण्याला प्रदर्शनाला गेलो होतो. पापड, कुरडया, नाचणीचे लाडू बऱ्यापैकी खपले. दिवसभर वडापाववर काढलेला, म्हणून परतीच्या गाडीआधी एका बऱ्या हॉटेलात जेवायला बसलो. पंखा नाही, एसी होता. जेवण झालं, बडीशेपेच्या ताटलीत बिल आलं. कोषाध्यक्ष ताईंनी पैसे मोजून ठेवले, वर वेटरला वीस रुपये ठेवले आणि आम्ही उठलो.

कल्याणला उतरून मुरबाडच्या एसटीत बसलो, तेव्हा एकीने ते बिल पुन्हा उघडलं. जेवणाचे १,६४० रुपये. त्याखाली 'सर्व्हिस चार्ज १० टक्के', म्हणजे १६४. या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी, ९० रुपये २० पैसे. एकूण १,८९४ रुपये २० पैसे. ती म्हणाली, "सर्व्हिस म्हणजे सेवाच ना? सेवेचे पैसे बिलात दिले, मग ताटलीत परत कशाला दिले?"

गाडीत कुणालाच उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर आम्ही चौकशी केली. ती आज तुम्हाला सांगतो.

सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही, हे आधी लक्षात घ्या. नावामुळे फसायला होतं. पूर्वी सेवा कर नावाचा कर होता, तो २०१७ साली जीएसटी आल्यावर संपला. आता साध्या हॉटेलच्या बिलावर कर म्हणून लागतो तो फक्त जीएसटी, ५ टक्के. तो दोन ओळींत अडीच-अडीच टक्के असा छापलेला दिसतो, घाबरू नका. सर्व्हिस चार्ज मात्र हॉटेल स्वतःच लावतं आणि ते पैसे मालकाकडे जातात. त्यातले वेटरला किती मिळतात, हे बिलावरून आपल्याला कळत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं, की हॉटेलने हा चार्ज आपणहून बिलात लावायचा नाही, नाव बदलूनही लावायचा नाही, आणि ग्राहकावर सक्ती करायची नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे द्यायचं की नाही, ही आपली मर्जी.

आम्हाला तेव्हा हे माहीत असतं, तर १,६४० वर ८२ रुपये जीएसटी धरून १,७२२ रुपयांत सुटलो असतो. १७२ रुपयांचा फरक. आमच्या गटात एका बाईची महिन्याची बचत शंभर रुपये आहे, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

मग करायचं काय? गल्ल्यावर जाऊन शांतपणे म्हणायचं, "दादा, सर्व्हिस चार्ज काढून बिल द्या." वेटरशी वाद घालू नका, बिल तो बनवत नाही. मालक ऐकत नसेल तर बिल जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. फोन फुकट आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार देता येते. आणखी एक गोष्ट: जीएसटी लावला असेल तर बिलावर हॉटेलचा पंधरा अक्षर-आकड्यांचा जीएसटी क्रमांक हवा. तो नसेल तर विचारा.

आता टिप. किती ठेवायची?

कायदा काही सांगत नाही. स्टेशनाजवळच्या उभ्याने खायच्या टपरीवर, पोळीभाजी केंद्रात कुणी टिप ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका. उडप्याकडे दोघींनी डोसा-चहा घेतला तर दहा रुपये पुरेत. सुटे परत आले त्यातले ठेवले तरी चालतं. टेबलावर बसून सहा-आठ जणी जेवलो, पोराने दहा वेळा पाणी आणलं, चटणी वाढली, तर बिलाच्या पाच टक्क्यांच्या आसपास. खूपच चांगलं केलं तर दहा. त्याच्या वर जायचं कारण नाही. अमेरिकेत पंधरा-वीस टक्के ठेवतात असं आपण ऐकतो, पण तिथलं गणित वेगळं आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यात टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला निदान २.१३ डॉलर द्यायचे, बाकीचं टिपेतून भरून निघेल असं धरलंय. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. आपल्याकडे हॉटेल कामगारांना सरकारने किमान वेतन ठरवून दिलंय, टिप त्याच्या वरची. मालक पगार कमी देत असेल, तर तो भरून काढायचं काम गिऱ्हाइकाचं नाही, असं आम्हाला वाटतं.

पण एकदम कोरडेपणाही बरा नाही. कल्याण-डोंबिवलीच्या हॉटेलांत टेबल पुसणारी पोरं आपल्यासारख्याच गावांतून आलेली असतात. आणि हल्ली सगळे मोबाइलने स्कॅन करून पैसे देतात. स्कॅन करताना वर पन्नास जास्त टाकले तर ते जातात मालकाच्या खात्यात. पोराच्या हातात काही पडावं असं वाटत असेल, तर दहा-वीसची नोट रोख द्या.

आमच्या बैठकीत खरा वाद झाला तो ताटलीतल्या वीस रुपयांवर. बिलाचं व्हाउचर लागलं, टिपेचं काय लावणार? एक काकू म्हणाल्या, गटाच्या पैशातून दानधर्म नको. त्यांचं बरोबर होतं. आता ठराव केलाय: बाहेर जेवलो तर टिप आपापल्या कनवटीची, माणशी पाच रुपये.

याला दुसरी बाजू आहे, आणि तिच्याबद्दल आम्ही आधी बोललोच नव्हतो. आमच्या सहा जणी लग्नसराईत हॉलवर वाढपाचं काम करतात. मागे एका लग्नघराने जाताना हजार रुपये खुशीचे दिले. ते पंगतीत वाढणाऱ्या चौघींनी वाटून घेतले. मागे मोरीवर भांडी घासणाऱ्या दोघींना कळलंही नाही. आठवड्याने कळलं, तेव्हा त्यातली एक बैठकीला यायचीच बंद झाली. तीन हप्ते थकले. घरी गेलो तर म्हणाली, "पाहुण्यांना माझं तोंड दिसत नाही, म्हणून मला काय नाय?"

तेव्हापासून एक डबा केलाय. खुशी आली की डब्यात, काम संपल्यावर सगळ्यांसमोर उघडायचा, सहा सारखे वाटे. ती बाई परत आली, हप्तेही भरले. पण वाढणाऱ्यांतली एक पोरगी अजून नाराज आहे. ती म्हणते, गोड बोलून, आग्रह करून खुशी मिळवते मी, आणि वाटा सारखाच? तिचंही अगदीच खोटं नाही. येत्या बैठकीत हा विषय पुन्हा घेतलाय. तुमच्या गटात वाढपाचं, कँटीनचं काम असेल, तर तुम्ही खुशी कशी वाटता ते आम्हाला जरूर कळवा.